बंद होणाऱ्या कॉलेजची टीम

मॅच चालू असताना मी बेंचवर बसत नाही. बसून पाहिलंय. थोड्याच वेळात पाय हलायला लागतो, मग मी उठते आणि रेषेच्या कडेकडेने चालायला लागते, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. ओहायोतल्या कॉलेजात माझी असिस्टंट म्हणायची, की सीझन संपेपर्यंत मैदानाच्या आपल्या बाजूचं गवत उडतं ते मुलींच्या बुटांनी नाही, कोचच्या. घरीही तीच तऱ्हा. डब्लिनला आईबाबांकडे गेले की तासाभरात मी डिशवॉशर रिकामा करते, गराजमधली खोकी इकडची तिकडे हलवते आणि कुत्रा नसतानाही दोनदा फिरून येते. आई म्हणते, "जेवताना तरी टेक गं."

नागपूरहून आम्ही डब्लिनला आलो तेव्हा माझी पाचवी झाली होती. हे ओहायोतलं डब्लिन, कोलंबसला लागून असलेलं, कंपन्यांतल्या नोकऱ्यांसाठी आलेल्या आपल्या लोकांनी भरलेलं. नव्या शाळेत बाईंनी विचारलं, कुठला खेळ आवडतो. मी म्हटलं, फुटबॉल. त्यांनी जरा गोंधळून, खांद्यांना पॅड बांधून एकमेकांवर आदळणाऱ्या मुलांकडे बोट दाखवलं. मी मान हलवली आणि पायाने चेंडू मारल्यासारखं करून दाखवलं. "अच्छा, सॉकर," असं काहीसं त्या म्हणाल्या आणि मला मुलींच्या टीममध्ये नेऊन उभं केलं. मला इंग्रजी धड येत नव्हतं, पण मैदानावर बोलावं लागत नव्हतं. मी मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिले की चेंडू माझ्याकडे यायचा. त्या वर्षी माझ्याकडे येणारी तेवढी एकच गोष्ट होती.

बाबा आमच्या घरातले पहिले इंजिनिअर, उत्तर नागपुरातल्या वस्तीतून कॉलेजात गेलेल्या पहिल्या दोघाचौघांपैकी. आमच्याकडे संध्याकाळी बुद्धवंदना झाली की अभ्यासाची चौकशी व्हायची, आणि तिच्यातून कुणाचीच सुटका नव्हती. खेळ बाबांना चालायचा, आवडायचाही. शनिवारी सकाळी चहाचा थर्मास घेऊन ते मैदानाच्या कडेला उभे राहायचे. पण खेळ म्हणजे शनिवार. सोमवार म्हणजे नोकरी.

मीही तसंच धरून चालले होते. कॉलेजभर खेळले, डिग्री घेतली आणि व्हर्जिनियात हर्नडनला एका कंपनीत लागले. बाबांच्या एका मित्राचं घर तिथे होतं, त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायची सोय झाली. काका-काकू प्रेमळ होते, नोकरीही वाईट नव्हती. पण दिवसभर खुर्ची. संध्याकाळी जवळच्या पार्कात मी शाळकरी मुलींची एक टीम शिकवायला लागले, तेही हौसेने. हळूहळू असं झालं, की मीटिंगमध्ये बसल्या बसल्या मी कागदावर त्या मुलींच्या मैदानावरच्या जागा आखत असायचे. मग एक दिवस काकूंना सांगितलं, की मी पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉलेजात मुलींच्या टीमची असिस्टंट कोच म्हणून चाललेय.

"म्हणजे पी.टी.च्या बाई?" काकूंनी विचारलं.

"साधारण तसंच," मी म्हटलं.

मी कळवायच्या आत काकांनी बाबांना फोन केला होता. बाबांनी मला एकच प्रश्न विचारला. "हे परमनंट आहे का?"

नव्हतं. पुढची कितीतरी वर्षं मी दर दोन-तीन सीझननी गाव बदललं. असिस्टंटची नोकरी हेड कोचच्या नोकरीला बांधलेली असते. हेड कोच गेला की नवा माणूस आपली माणसं घेऊन येतो. भाड्याच्या खोलीत मी कधी पडदेसुद्धा लावले नाहीत. गाडीच्या डिकीत चेंडूंची जाळी, प्लॅस्टिकचे शंकू, पावसाळी जाकीट आणि एक तवा, एवढा माझा संसार कायम भरलेला असायचा. लग्न होता होता राहिलं. तो चांगला होता, पण त्याला पिट्सबर्गमध्ये घर घ्यायचं होतं आणि मला सहा महिन्यांनी मी कुठे असेन हे सांगता येत नव्हतं.

चाळिशीच्या अलीकडे मला ओहायोतल्या त्या लहान कॉलेजात हेड कोचची जागा मिळाली. डब्लिनपासून दोन तासांवर, मक्याच्या शेतांमधलं गाव, विटांच्या जुन्या इमारती, एक टेकडी आणि तिच्या पायथ्याशी आमचं मैदान. बाबांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि या वेळी मी म्हटलं, "हो, आता हो."

लोकांना वाटतं, हेड कोच म्हणजे रेषेवर उभं राहून ओरडणारी बाई. ओरडणं त्यातला अगदी छोटा भाग. उरलेला सगळा वेळ गाडीत जातो. आपल्या टीमसाठी खेळाडू शोधायच्या म्हणजे हायस्कूलच्या मुलींच्या मॅचेस बघत राज्यभर हिंडायचं, थंडीत त्यांच्या आईवडिलांशेजारी उभं राहायचं, आमच्या कॉलेजात नर्सिंग चांगलं आहे, हॉस्टेल सुरक्षित आहे, असं सांगत राहायचं. मग त्या मुली येतात, अठरा वर्षांच्या, घाबरलेल्या आणि घाबरलेलं दिसू न देणाऱ्या, आणि चार वर्षांनी कुणीतरी वेगळ्याच बायका होऊन जातात. मधल्या काळात त्यांचे गुडघे, त्यांचे बॉयफ्रेंड, त्यांचे केमिस्ट्रीचे मार्क, सगळं तुमच्या टेबलावर.

मैदानावर मी इंग्रजीत बोलते, पण घाईत असले की तोंडून मराठी सुटतं. "सरक" आणि "मागे" हे दोन शब्द आमच्या मुलींना पहिल्या महिन्यातच पाठ होत. सरक म्हणजे सगळ्या फळीने मिळून बाजूला हलायचं. पुढे पुढे त्या आपसातही "सरक, सरक" ओरडायला लागल्या, ओहायोच्या शेतकऱ्यांच्या मुली, आणि समोरच्या टीमला कळायचं नाही की हे काय चाललंय.

त्या कॉलेजातल्या माझ्या पाचव्या सीझनमध्ये, सुरुवातीच्या काही मॅचेस झाल्या असताना, सगळ्या स्टाफला सकाळी सभागृहात बोलावलं. कॉलेजच्या प्रेसिडेंट उभ्या राहिल्या. त्यांनी फार वळसे घेतले नाहीत. विद्यार्थी कमी होत चाललेत, आता कॉलेज चालवणं शक्य नाही, हे शेवटचं वर्ष. शेवटच्या वर्षात असलेल्यांना डिग्री मिळेल, बाकीच्यांना दुसरीकडे जायला मदत करू. माझ्या शेजारी ग्रंथालयातली एक बाई बसली होती. तिने पर्समधून शेंगदाण्याची पुडी काढली, उघडली, आणि एकही न खाता परत ठेवली.

बाहेर आल्यावर खेळ विभागाच्या प्रमुखांनी आम्हा कोचेसना एका बाजूला घेतलं. ते त्याच कॉलेजात शिकलेले, तिथेच नोकरीला लागलेले, साठीचे गृहस्थ. "सीझन पूर्ण खेळायचा," ते म्हणाले. "बसेस मिळतील. रेफरी येतील. मुलींना तुम्ही सांगा."

मुलींना सांगायला काही उरलं नव्हतं. मी टेकडी उतरून गेले तेव्हा त्या सगळ्या एका गोलपोस्टपाशी जमलेल्या होत्या, प्रॅक्टिसची वेळ नसताना. प्रत्येकीच्या हातात फोन होता. काही रडत होत्या. आमची गोलकीपर क्रॉसबारला लटकून पाय हलवत होती. तिसऱ्या वर्षाची, उंच, रुंद खांद्यांची, जवळच्याच गावातली मुलगी. वडील ट्रक चालवायचे, आई वृद्धाश्रमात काम करायची. ती खाली उतरली आणि तिने विचारलं, "कोच, आज प्रॅक्टिस आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. "नेहमीच्या वेळेला."

त्याच दिवशी मी फोन करायला सुरुवात केली. एरवी दुसऱ्या कॉलेजचा कोच आपल्या खेळाडूशी परस्पर बोलला तर भांडणं होतात. आता मीच त्यांना बोलावत होते. ओळखीच्या कोचेसना, मग अनोळखी कोचेसना, ज्यांच्याशी आमचं जुनं वैर होतं त्यांनाही. माझी डावीकडची मुलगी दोन्ही पायांनी खेळते, तिला घ्या. माझ्या मिडफिल्डरला इंजिनिअरिंग करायचंय, तुमच्याकडे आहे ना? कॅफेटेरियात रांगेत उभी असताना फोन, गाडीत फोन, दुसऱ्या टीमचे व्हिडिओ बघताना कानाशी फोन. माझी असिस्टंट म्हणायची, "यू शुड ईट समथिंग." मी म्हणायचे, खाल्लंय. मला आठवत नसायचं. प्रॅक्टिसला शिट्टी वाजवून मुलींना कामाला लावायचं आणि आपण कुंपणापाशी जाऊन पुन्हा फोन. मुलीही मधे मधे थांबून येत आणि विचारत, माझं काही झालं का, त्या कोचकडून उत्तर आलं का. चेंडू तसाच पडून राहायचा.

पाठोपाठ तीन मॅचेस हरलो. तिसऱ्या मॅचनंतर परतीच्या बसमध्ये कोणी गाणी लावली नाहीत.

दुसऱ्या दिवशी गोलकीपर माझ्या ऑफिसात आली. मी तिच्यासाठी इंडियानातल्या एका कोचशी बोलून ठेवलं होतं, तिथे नर्सिंगही होतं, आणि मला ते सांगायची घाई झाली होती. मी उभ्यानेच सांगायला लागले. ती ऐकत राहिली.

"मी कुठे जाणार नाहीये," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"खेळायला. मी घरी जाऊन स्टेट युनिव्हर्सिटीत नर्सिंग पूर्ण करणार. खेळणं इथेच संपलं."

मी तिला सांगायला लागले, की अजून घाई करू नकोस, त्यांच्याशी एकदा बोलून तर बघ, तुझ्यासारखी गोलकीपर त्यांच्याकडे नाही. बोलता बोलता मी टेबलावरचे शंकू उचलून एकात एक घालत होते. तिने ते माझ्या हातातून काढून घेतले आणि बाजूला ठेवले.

"कोच, तुम्ही आमच्यासाठी धावताय हे आम्हाला दिसतंय," ती म्हणाली. "पण तुम्ही आम्हाला पुढच्या वर्षात पाठवून मोकळ्या झालात. आम्ही अजून इथेच आहोत."

ती गेल्यावर मी बराच वेळ रागात होते. घरोघर जाऊन मागितल्यासारखी मी लोकांकडे जागा मागत होते, आणि ही मला शिकवणार.

त्या आठवड्यात बाबा आले. न कळवता, मॅच नसताना, दोन तास ड्राइव्ह करून. हातात आईने दिलेला डबा होता, वांग्याची भाजी आणि भाकरी. आम्ही मैदानाशेजारच्या लाकडी पायऱ्यांवर बसलो. मी एक भाकरी खाऊन उठले आणि येरझाऱ्या घालत त्यांना सांगत राहिले, कोण कुठे जातंय, कुणाचं उत्तर यायचंय, माझ्या स्वतःच्या अर्जांचं काय. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांची गिरणी बंद पडली तेव्हा मी अकरावीत होतो."

हे मला माहीत होतं, पण एवढंच माहीत होतं. आजोबा नागपुरात कापडगिरणीत होते, गिरणी बंद पडली, बाबांनी शिकवण्या घेऊन शिक्षण केलं, अशी ती गोष्ट आमच्या घरी एका ओळीत असायची.

"रोज सकाळी डबा घेऊन जायचे," बाबा म्हणाले. "गेटले कुलूप होतं, तरी. बाहेर उभे राहायचे. तिथे अजून चारपाच जण यायचे तसेच. संध्याकाळी भोंग्याच्या टायमाला परत. कोणी विचारलं तर सांगायचे, चालू होऊन राहिली आहे, बोलणी चालू आहेत."

"किती दिवस?"

"बरेच. मले लाज वाटे. मित्रांसोबत त्या रस्त्याने जायचं झालं तर मी दुसऱ्या गल्लीने जायचो." त्यांनी भाकरीचा एक तुकडा मोडला. "नंतर मग त्या गेटवरच्याच लोकांनी मिळून डबे खायला सुरुवात केली. गिरणी चालू नाही होणार हे सगळ्यांले समजलं होतं. पण ते बसायचे सोबत. आजोबा म्हणायचे, तेवढा वेळ बरा जायचा."

बाबांनी मला काही करायला सांगितलं नाही. डबा पुसून पिशवीत घालून माझ्याकडे दिला, आईसाठी गावातल्या बेकरीतून पाव घेतला आणि निघून गेले. जाताना गाडीची काच खाली करून म्हणाले, "भाजी उरली आहे, रात्री खा."

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला मी फोन असिस्टंटकडे दिला आणि तिला ऑफिसात पाठवलं. मुलींना मैदानाच्या मधोमध बसवलं आणि मीही बसले. गवत ओलं होतं. पाय हलायला लागला, मी तो हाताने धरून ठेवला. म्हटलं, आज काही सांगणार नाहीये, तुम्ही बोला.

मुली गवताची पाती उपटत राहिल्या. मग पहिल्या वर्षाची एक मुलगी म्हणाली, की तिने अजून हॉस्टेलच्या खोलीतल्या बॅगा पूर्ण उघडल्याही नव्हत्या. त्यावर कुणीतरी हसलं आणि मग सगळ्याच बोलायला लागल्या. शेवटच्या वर्षातली एक रागावलेली होती, कारण सगळ्यांना वाटत होतं तिचं काही गेलंच नाही, तिला डिग्री मिळणार आहे. पण दहा वर्षांनी कुठे परत यायचं, असं ती म्हणाली. एकीला फक्त तिच्या जर्सीबद्दल विचारायचं होतं, ती घरी नेता येईल का. मी म्हटलं, न्या, सगळ्यांनी न्या, माझ्याकडे कोणी परत मागायला आलं तर मी बघते.

त्यांनीच एक नियम केला. पुढच्या वर्षाचं बोलणं मैदानाबाहेर. रेषेच्या आत आलं की फक्त हा सीझन. मी कबूल केलं. फोन मी थांबवले नाहीत, ते सकाळी करत राहिले. पण प्रॅक्टिसचे दोन तास माझ्याकडे फोन नसायचा. पहिले काही दिवस मला हात कुठे ठेवावेत हे कळत नव्हतं.

आम्ही पुन्हा जिंकायला लागलो असं सांगायला मला आवडलं असतं. थोड्या जिंकलो, काही बरोबरीत सुटल्या. पण खेळायला लागलो. शेवटच्या, घरच्या मैदानावरच्या मॅचपर्यंत हिशेब असा आला, की ती जिंकली तरच आम्ही प्लेऑफमध्ये. बरोबरीचा उपयोग नव्हता.

समोरची टीम आमच्याच भागातल्या एका कॉलेजची. त्यांची कोच निवृत्तीला आलेली, पांढऱ्या केसांची, कडक बाई. मी असिस्टंट असल्यापासून तिला घाबरत आले होते. माझ्या स्ट्रायकरला घ्या म्हणून मी तिलाही फोन केला होता, आणि "बघू, आपल्या मॅचला बघते," एवढंच ती म्हणाली होती. त्या दिवशी टेकडीच्या उतारावर माणसं बसली होती, मी तिथे कधी पाहिली नव्हती इतकी. जुने विद्यार्थी आले होते, प्रोफेसर आले होते, कॅफेटेरियातल्या बायका ॲप्रनवर कोट चढवून आल्या होत्या. आईबाबाही आले होते, आणि त्यांच्यासोबत डब्लिनमधलं एक मराठी कुटुंब, ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय हे बाबा समजावून सांगत होते आणि चुकीचं सांगत होते.

पहिला गोल त्यांनी केला. हाफटाइमनंतर माझ्या स्ट्रायकरने तो फेडला, उजवीकडून आत येऊन, खाली, कोपऱ्यात. मी इतकी चालत होते की रेफरीने मला दोनदा मागे व्हायला सांगितलं. शेवटची काही मिनिटं उरली आणि आम्हाला कॉर्नर मिळाला.

मला पाठीमागून धावण्याचा आवाज आला. आमची गोलकीपर आपला गोल सोडून मैदान ओलांडत त्यांच्या गोलकडे निघाली होती. मी तिला पाठवलं नव्हतं. सवयीने माझ्या तोंडून निघालं, "मागे." तिने ऐकलं, कारण तिने धावता धावता माझ्याकडे पाहिलं. आणि ती थांबली नाही. बरोबरीने आम्हाला काय मिळणार होतं? मी हात वर केला आणि तिला पुढे जायची खूण केली.

चेंडू उंच आला. ती सगळ्यांच्या वर उडाली आणि तिने डोक्याने तो मारला, आणि तो खांबाच्या आतल्या बाजूला लागून बाहेर आला. तो आवाज टेकडीवरच्या सगळ्यांनी ऐकला. त्यांच्या एका मुलीने चेंडू पायाने लांब टोलवला. मधे कोणी नव्हतं. आमची एक डिफेंडर मागे धावली, पण तोवर तो घरंगळत, अगदी सावकाश, आमच्या रिकाम्या गोलमध्ये गेला.

रेफरीने शिट्टी वाजवून गोल दिला. मग आमच्या मुली हसायला लागल्या. गोलकीपर त्यांच्या गोलसमोर गवतावर उताणी पडली होती आणि हसत होती, आणि त्यांची गोलकीपर तिला हात देऊन उठवत होती. मला वाटलं होतं मी रडेन. मला हसू आलं, आणि हसता हसता मी बेंचवर बसले, असिस्टंटच्या शेजारी, मॅच संपल्याचा हॉर्न वाजेपर्यंत.

मॅचनंतर ती पांढऱ्या केसांची कोच हस्तांदोलनाला आली. "तुझी स्ट्रायकर मी घेते," ती म्हणाली. "पण मला हवी आहे ती तुझी वेडी गोलकीपर."

मी ते गोलकीपरला सांगितलं. ती म्हणाली, "थँक्यू, कोच. पण नाही." हिवाळ्यात मी तिला आणखी एकदा विचारलं. त्या वेळी तिने फक्त माझ्याकडे पाहिलं आणि मी विषय सोडला. ती आता एका हॉस्पिटलात नर्स आहे, घरापासून जवळच. खेळत नाही. मला अजून वाटतं, तिने खेळायला हवं होतं. ती चुकली असं मात्र मी म्हणू शकत नाही.

वसंतात सगळ्या पांगल्या. बहुतेकींना जागा मिळाल्या, दोघींनी शिक्षणच सोडलं. त्यांतली एक अजून माझे मेसेज वाचते पण उत्तर देत नाही. शेवटच्या आठवड्यात मी आणि असिस्टंटने गोलपोस्टची जाळी काढली, चेंडूंतली हवा काढली, आणि ते कुणाला द्यायचे हे कोणी न सांगितल्यामुळे गावातल्या शाळेत नेऊन दिले.

माझं स्वतःचं काम सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात वाईट झालं. इंटरव्ह्यूला गेले की समोरची माणसं सहानुभूतीने माझ्या बंद पडलेल्या कॉलेजबद्दल विचारायची आणि मग नोकरी दुसऱ्या कुणालातरी द्यायची. हेड कोचची जागा कुठेच मिळाली नाही. शेवटी मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरजवळच्या एका कॉलेजात असिस्टंट म्हणून गेले, माझ्यापेक्षा वयाने लहान असलेल्या कोचच्या हाताखाली. श्रूजबरीत खोली घेतली. पडदे लावले नाहीत. पहिल्या दिवशी त्या कोचने मला शंकू मांडायला सांगितलं आणि मी मांडले. पुढच्या वर्षी तिला मोठ्या युनिव्हर्सिटीने बोलावलं, आणि तिची जागा मला दिली. फोनवर ऐकल्यावर आई म्हणाली, "आता तरी टिकेल ना गं?" बाबा मागून म्हणाले, "विचारू नको तिले."

गेल्या महिन्यात मी श्रूजबरीच्या हायस्कूलची मॅच बघायला गेले होते. डावीकडून खेळणारी एक मराठी मुलगी मला आवडली. मॅचनंतर तिची आई, बहुतेक पुण्याची, आपण होऊन माझ्याशी बोलायला आली. मी मराठी बोलते हे कळल्यावर तिला इतका आनंद झाला की तिने गाडीतून चिवड्याचा डबा आणला.

"यू नो, ती सॉकर आणि बायोलॉजी दोन्ही करायचं म्हणते," ती म्हणाली. "आम्ही काय म्हणतो, बायोलॉजी आधी. तुमचं कॉलेज कसं आहे? म्हणजे, आजकाल लहान कॉलेजं बंद होतायत असं वाचतो आम्ही."

मुलगी मोजे काढत बाजूला उभी होती. मी खोटं बोलू शकले असते. रिक्रूटिंगमध्ये थोडं बोलावंही लागतं. मी म्हटलं, "या वर्षी आमच्याकडे मुलं थोडी कमी आलीत. बंद होईल असं कुणी म्हणत नाही. पण माझं आधीचं कॉलेज बंद पडलं, तेव्हाही आदल्या वर्षी कुणी म्हणत नव्हतं."

आईचा चेहरा जरा उतरला. मुलीने मात्र मान वर केली. "सो व्हॉट हॅपन्ड टु द टीम?" तिने विचारलं.

मी तिला सांगितलं. नर्स झालेल्या गोलकीपरचं, त्या पांढऱ्या केसांच्या कोचकडे गेलेल्या स्ट्रायकरचं, शिक्षण सोडलेल्या दोघींचंही. ती चिवडा खात ऐकत होती. रिकाम्या गोलमध्ये घरंगळत गेलेल्या चेंडूचं सांगितल्यावर ती म्हणाली, मीही गेले असते कॉर्नरला.

त्यांनी विचार करून कळवतो म्हणून सांगितलं, आणि खरंच कळवलं: ती मोठ्या युनिव्हर्सिटीत जाणार आहे, तिथे खेळायला मिळेलच असं नाही, पण बायोलॉजी उत्तम आहे. मी तिला शुभेच्छा दिल्या. मनापासून दिल्या, असं म्हणायला हरकत नाही.

मेसेज आला तेव्हा मी दुसऱ्या गावातल्या मैदानावर होते. पाऊस भुरभुरत होता, पालक छत्र्या घेऊन घडीच्या खुर्च्यांवर बसले होते. कुणीतरी मलाही एक खुर्ची देऊ केली. मी थँक्यू म्हटलं, तिच्यावर माझी बॅग ठेवली आणि रेषेच्या कडेने चालायला लागले.